एकच ताड उरला

पहिल्या भेटीतच मी त्याच्यावर खेकसले होते. दिली या आमच्या राजधानीत, कोमोरो पुलावरच्या चौकीत मी परदेशी सैनिकांची दुभाषी होते, आणि हा महाशय कमरेला हातभर कोयता लावून शीळ घालत येत होता.

"दिलीत जाळपोळ चाललीय आणि तू हत्यार मिरवतोस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"ताडी काढतो, बाई. दातांनी काढू?" तो हसला. गालाला खळी पडली... मला आणखीच संताप आला.

सैनिकांनी कोयता काढून घेतला आणि पेटीत टाकला. नाव जुस्तिनु, गाव लागा — म्हणजे पूर्वेकडचा. आम्ही पश्चिमेकडचे; पूर्वेकडच्याच पोरांनी महिन्यापूर्वी आमचं घर पेटवलं होतं. आई आणि मी मठाच्या अंगणात तंबूत राहत होतो. बरी खोड मोडली, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. "सात ताड आहेत माझे. रोज मोहोर कातला नाही तर रस आटतो, आणि दुसरा कोयता नाही. सांग ना त्यांना."

मी सांगितलं. कोयता घेणारे एका देशाचे, पेटीची किल्ली दुसऱ्यांकडे, अर्ज तिसऱ्यांकडे, सही चौथ्यांची. आमचा देश अवघा चार वर्षांचा. त्याला सांभाळायला चार फौजा आल्या होत्या, आणि त्यांना एक कोयता परत देता येईना.

तो रोज यायचा. "पाच उरले, बाई." "तीन उरले."

"पश्चिमेकडची माणसं शांत असतात म्हणे," एकदा तो म्हणाला. "तू कुणावर गेलीस?"

"तुझ्या लोकांनी घर जाळल्यावर कोण शांत राहील?"

तो हळूच म्हणाला, "आमचं तुझ्या लोकांनी जाळलं. बाबा आत होते... धुरानं डोळे गेले त्यांचे. आता ताडीवरच घर चालतं."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला.

आठव्या दिवशी तो आला तेव्हा हसत नव्हता. "एकच उरला." चौकीतल्या सार्जंटनं पुन्हा अर्जाकडे हात नेला आणि माझं डोकंच फिरलं.

"खिशातलं सूचनांचं कार्ड काढ," मी सार्जंटला त्याच्या भाषेत सुनावलं. "स्थानिक रूढींचा मान राखा, असं छापलंय ना? इथं लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी पातं जातं. तो कोयता माझ्या लग्नाचा आहे. आठ दिवस माझं लग्न अडवून बसलात तुम्ही."

सार्जंट कानापर्यंत लाल झाला. स्वतः जाऊन किल्ली घेऊन आला, कोयता माझ्या हातात ठेवला आणि जुस्तिनुचा हात धरून गदागदा हलवला.

"काय म्हणतोय हा?"

"अभिनंदन म्हणतोय."

"कशाबद्दल?"

सांगावं लागलं. मला वाटलं, आता खळी पडेल. पण तो माझ्याकडे बघतच राहिला...

"असलं बोलणं परत गिळता येत नाही, एर्मेलिंदा." माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं.

"झाडासाठी बोलले. घे तो आणि चालता हो."

"नेतो. उसना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या तंबूशी आला. खांद्यावर आंधळ्या बापाचा हात, बगलेत ताडीनं भरलेला बांबूचा नळा. कोयता त्यानं आईच्या पायाशी ठेवला. आई म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"कुणी केलं हे?"

"आपल्याकडच्यांनी," मी म्हणाले.

आईनं पेल्यात ताडी ओतली आणि पहिला पेला म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"कोयता आता इथंच राहील," जुस्तिनु मला म्हणाला. "रोज पहाटे मागायला येईन."

"आणि उशीर केलास तर?"

"तर ओरड. मला आवडतं."

माझे कान तापले. "मलाही तू आवडतोस," मी ओरडूनच सांगितलं. शेजारच्या तंबूतल्या बायका डोकावल्या.

त्याला आता वर्ष झालं. रस देणारे ताड एकाचे पुन्हा पाच झालेत, पण मेला एक दिवस वेळेवर येईल तर शपथ.