तात्यारावांच्या टीव्हीतलं पाणी

त्या संध्याकाळी सत्यशीला निघाली ती फक्त पोरीला जेवायला बोलवायला. शाळेत मास्तरीण, पण सहा वर्षांची स्वतःची मित्रा एका हाकेत घरी येईल तर शपथ.

सत्त्याहत्तरचा नोव्हेंबर. पूर्णेच्या रेल्वे वसाहतीमागं राहणारे रिटायर गार्ड तात्याराव मुंबईच्या लेकाकडून टीव्ही घेऊन आले होते. इतक्या लांब कुठलं केंद्र लागतंय! पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या. तरी रोज दिवेलागणीला भरतकामाचं फडकं काढून ते तो लावायचे. "आज न्हाई तर उद्या लागंल." पोरं पोत्यावर मांडी घालून मुंग्या बघत बसायची.

आज पोरांपैकी एकटी मित्राच होती, मागं खाटेवर तात्याराव. खोलीत खारट, कुबट वास. समुद्र सत्यशीलेनं फक्त नकाशात शिकवलेला.

"मित्रा, चल. भाकरी गार व्हायली."

"थांब ना आई… लय पाणी आलंय. घरं चाललीत."

"कुठं?"

पोरीनं पडद्याला बोट लावलं. "बाबा झाडावर हायेत. राजय्याकाका पण. बाबा मला हात करायलेत…"

सत्यशीलेचा नवरा सिताराम इंजिनावरच्या सोबत्याच्या, फायरमन राजय्याच्या बहिणीच्या लग्नाला आंध्रात गेला होता. समुद्रकाठी. तिनं डोळे ताणले. मुंग्याच. पण त्यांची ती सरसर… हजार माणसं एकदम कुजबुजावीत तशी.

"तात्या, तुमाला काय दिसतंय?"

"मुंग्या. बसू द्या की लेकराला, मास्तरीणबाई."

तिनं खट्कन बटण फिरवलं.

"आई! नको… त्यांना अंधार झाला!"

रडत्या पोरीला काखेत मारून ती घरी आली. शिकलेली बाई तू, काय घाबरतीस? पोरं विसरतात.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर वादळाची बातमी आली. गावंच्या गावं वाहून गेली होती. मेलेल्यांचा आकडा रोज वाढत होता.

अकराव्या दिवशी सिताराम आला. एकटा. तळहातांची सालटी निघालेली. रात्रभर ताडाला धरून होतो, एवढंच म्हणाला. मित्रा मांडीवर झोपल्यावर हळूच बोलू लागला.

"पाण्यावर एक खिडकी दिसायली व्हती. उजेडाची. आत मित्रा बसलेली. राजय्यालाबी दिसली. म्हणलं, तिकडंच बघत ऱ्हा, हात सोडू नको…"

सत्यशीलेनं झोपलेल्या मित्राच्या अंगावर पदर ओढला.

"मग तू आलीस. म्हणलीस, भाकरी गार व्हायली… अन् उजेड गेला. अंधारात राजय्याचा हात सुटला."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"काय घाई व्हती गं?"