दार लावण्याआधी तीन हाका

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी तुम्हाला पटवायला बसलेलो नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणारा माणूसही मी नाही. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी घडलेली आहे. डोक्यावर ऊन होतं, खिशात मोबाईल होता, हाकेच्या अंतरावर माणसं जेवत बसली होती.

तरी हे लिहिताना मी दोनदा मागे वळून पाहिलंय.

माझं नाव नीलेश. राहायला खांदा कॉलनीत. पनवेलजवळच्या एका मालधक्क्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर आहे. धक्क्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे.

मालगाडी तुम्ही फाटकावर उभं राहून पाहिली असेल. कंटाळून तिचे डबे मोजले असतील. त्यात काय असतं, ते कुठे जातं, हा विचार सहसा कुणी करत नाही. आमच्याकडे पंजाबचा गहू येतो, छत्तीसगडचा तांदूळ येतो. माथाडी पोती उतरवतात, ट्रक गोदामात जातात, तिथून माल रेशनच्या दुकानात. मालाचं काय होतं ते मी सांगू शकतो.

पण रिकामी वॅगन कुठे जाते, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक सिमेंटला जाते, एक खताला. गाडी तुटते, म्हणजे डबे सुटे होऊन दुसऱ्या गाडीला लागतात. गेलेली वॅगन परत येईलच असं नाही.

हे लक्षात ठेवा.

पोती उतरली की सांडलेलं धान्य झाडायला बायका आत चढतात. त्यातलीच एक बुधीमावशी. नेरे गावाच्या पुढे डोंगराला लागून कातकरवाडी आहे, तिथली. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. मला ‘दादा’ म्हणायची आणि वर टोमणाही मारायची. “दादा, पोट बग तुझं. आख्खी वॅगन मावंल त्याच्यात.”

तिची एक सवय होती. वॅगन झाडून झाली की ती दारात उभी राहायची, खराट्याचा दांडा पत्र्यावर आपटायची आणि आत हाक मारायची...

“कोन हाय का?”

एकदा नाही. तीनदा. प्रत्येक वॅगनला. मगच दार लावू द्यायची.

गाडी वेळेत रिकामी करून द्यावी लागते. वरून फोनवर फोन येतात. माझं डोकं फिरायचं.

“मावशी, आत काय वाघ बसलाय?” मी एकदा ओरडलो.

काळूराम मुकादमाने मला बाजूला घेतलं.

“तिला काय बोलू नको. तिचा नवरा असाच गेलाय.”

नवऱ्याचं नाव जैतू. तोही याच धक्क्यावर कामाला होता. मी इथे लागलो त्याच्या आदल्या वर्षी अंगात ताप होता म्हणून तो रिकाम्या वॅगनच्या कोपऱ्यात बारदान पांघरून पडला. बुधीमावशीने दारातून एक हाक मारली. आतून काही उत्तर आलं नाही. तिला वाटलं, चहाला गेला असेल. दार लागलं, गाडी गेली. संध्याकाळी रुळाच्या कडेला त्याच्या चपला तेवढ्या सापडल्या.

पोलीस झाले, रेल्वेवाले झाले. पण तोवर गाडी तुटून डबे दाही दिशांना गेले होते. जैतू सापडला नाही. जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही.

“तापात ऐकलं नसेल त्याने,” मी काळूरामला म्हणालो.

“ऐकलं.”

मावशी आमच्या मागेच उभी होती.

“ऐकलं त्यानं, दादा. आमच्यात एका हाकेला ओ देत नाय. रानात जे असतं ना, ते एकदाच हाक मारतं. मानूस तीनदा मारतो. तो पडल्या पडल्या दुसऱ्या हाकेची वाट बगत असंल. मी मारलीच नाय.”

त्यानंतर मी तिला कधी घाई केली नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. वार पक्का आठवतो, कारण घरी घट मांडला होता आणि “आज तरी लवकर या” म्हणून बायकोने बजावलं होतं.

दुपारी गाडी रिकामी झाली. माथाडी सावलीला जेवायला बसले. एकच वॅगन झाडायची राहिली होती. मावशी ती झाडून दारात येऊन उभी राहिली, मी खाली उभा होतो. तिने दांडा आपटला.

“कोन हाय का?”

काही नाही.

“कोन हाय का?”

इतका वेळ कावळे ओरडत होते. हायवेवरून ट्रक जात होते. ते सगळं... थांबलं.

तिने तिसरी हाक मारली.

“कोन हाय का?”

आणि आतून...

“हां...”

पुरुषाचा आवाज. घसा पार कोरडा पडलेला. कोपऱ्यातून, अगदी जवळून.

मी कसा वर चढलो ते आठवत नाही. आत कुणी नव्हतं. नुकताच झाडलेला पत्रा आणि दारातून आलेलं ऊन, बस्स.

“कोण आहे?” मी ओरडलो.

रिकाम्या वॅगनमध्ये आवाज घुमतो. साधं खोकलात तरी घुमतो. भरलेल्या वॅगनमध्ये घुमत नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

माझा आवाज... घुमला नाही.

मी मागे वळलो. मला वाटलं, मावशी आता धावत आत येईल. पण ती जागची हलली नव्हती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

“हा जैतू नाय,” ती म्हणाली.

“मावशी, चला खाली.”

“माझा मानूस ओ देल. हा ‘हां’ बोल्ला. परमुलखातला हाय कोनतरी. ह्याची बाय पन कुठंतरी अशीच दारात उभी असंल.”

मग तिने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तिने खालून आपलं जेवण मागवलं. हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याचं फडकं, त्यात नाचणीची भाकरी, सुकट, कांदा. अजून ती जेवली नव्हती. ते फडकं आणि पाण्याची बाटली तिने त्या कोपऱ्यात ठेवली.

“खा रे बाबा,” ती म्हणाली. आणि मला म्हणाली, “लाव दार. त्याला त्याच्या गावाला जायाचा असंल.”

आम्ही खाली उतरलो आणि मी दार लावलं. कडी घातली. गाडी निघून गेली. घरी जाऊन मी घटापुढे बसलो, पण आरतीचा एक शब्द तोंडातून निघेना.

पुढे शिमग्याच्या सुमाराला गव्हाची गाडी लागली. ती वॅगन वेगळी होती, नंबर मी स्वतः पाहिला. सील शाबूत होतं, तेही मीच तोडलं. दार उघडलं. आत छतापर्यंत पोती...

आणि दाराशीच, पुढच्या पोत्यावर, ते फडकं.

हिरवा काठ. स्वच्छ धुतलेलं. गाठ मारलेलं.

मी मावशीला हाक मारली. ती आली. फडकं तिने लगेच हातात घेतलं नाही, नुसती गाठीकडे बघत राहिली.

“ही जैतूची हाय,” ती म्हणाली. “खेकडी बांधायचा तवा अशीच मारायचा. डावरा होता ना. उलटी पडायची त्याची गाठ.”

तिने हळूहळू गाठ सोडली. आत काही नव्हतं. भाकरीचा कणसुद्धा नाही.

ती तिथेच खाली बसली. रडत होती की हसत होती, मला कळेना.

“जेवला,” ती म्हणाली.

काळूराम म्हणतो, उंदरांनी खाल्लं असेल. उंदीर गाठ मारत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे. मी खूप डोकं चालवलं. ठेवलं एका वॅगनमध्ये, आलं दुसऱ्या वॅगनमधून, तेही सीलच्या आत. मला उत्तर मिळालेलं नाही.

मावशी आता दोन फडकी आणते. एक स्वतःचं. दुसरं शेवटच्या वॅगनच्या कोपऱ्यात ठेवते. कोण जेवतं ते ती विचारत नाही.

मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटते. पण त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

परवा चहा पिताना मावशी सहज बोलून गेली. “दादा, एखाद दिशी आतून ओ आली ना, तर मी काय खाली उतरनार नाय. तू मला हाका मारत बसू नको. दार लाव.”

बाकीच्या बायका हसल्या. तीही हसली. मला हसू आलं नाही.

कारण ती थट्टा करत नव्हती... आणि दार लावायचं काम माझं आहे.

उद्या सकाळी गव्हाची गाडी लागते आहे.