ड्रॅगनचा मागचा कोपरा

पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाने भिंगातून कार्ड पाहिलं, उलटं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"ताई, हे दहाचं कार्ड नाही. मागचा कोपरा झिजलाय."

एवढं बोलून तो निघून गेला.

पंकजाला काही सुचेना. नवऱ्याने, चेतनने, शाळेपासून जपलेलं ते ड्रॅगनच्या चित्राचं, खेळातलं दुर्मीळ कार्ड; हौशी संग्राहक अशा कार्डांना लाखो रुपये मोजतात. परदेशातल्या तपासणी कंपनीने त्याला दहापैकी दहा ग्रेड देऊन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद केलं होतं. दहाच्या किमतीत चेतनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं असतं. झिजलेल्या कार्डात औषधंही आली नसती. आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते.

सीलबंद कार्ड आपोआप झिजत नाही, कुणीतरी ते बदललं असणार, म्हणून तिने पोलीस ठाणं गाठलं. उपनिरीक्षक जयमाला भिंगारदिवे पंकजाच्या सावेडीतल्या फ्लॅटवर आल्या. कुलूप शाबूत होतं, कपाटही. पेटीच्या कडेला मात्र बोटाला गोंदाची खरबरीत रेघ लागली.

"गिऱ्हाईक काय म्हणालं, हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही, मॅडम. सांगायचं तरी कुणाला?"

घराची जादा किल्ली दोघांकडे होती: दीर ज्ञानेश्वर आणि चेतनचा बालमित्र सूर्यभान. तोही कार्डं जमवायचा. जयमालांनी दोघांना बोलावून एवढंच सांगितलं, की व्यवहार मोडला.

ज्ञानेश्वर चिडला. कार्ड आधीच विकायला हवं होतं, भावाने ऐकलं नाही, म्हणाला. सूर्यभानने पंकजाला धीर दिला.

"वहिनी, दुसरं गिऱ्हाईक बघू. एवढ्याशा मागच्या कोपऱ्यावरून कुणी अडून बसतं का?"

जयमाला त्याच्याकडे वळल्या.

"कोपऱ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने पंकजाकडे पाहिलं; तिने नकारार्थी मान हलवली.

"कंपनीच्या संकेतस्थळावर पेटीच्या क्रमांकाखाली मूळ कार्डाचा फोटो आहे. त्यात डावी किनार जाड आहे, पेटीतल्या कार्डाची उजवी. म्हणजे पेटी तीच, कार्ड दुसरं. किल्ली दोघांकडे होती, पण कोपरा झिजलाय हे ज्याने ते कार्ड आत घातलं त्यालाच ठाऊक. ते तुमचं कार्ड आहे, सूर्यभान."

सूर्यभानने मान खाली घातली. मूळ कार्ड त्याच्या घरी पाकिटात सापडलं. पंकजाने ते उजेडात धरलं. वरच्या काठावर ब्लेडची बारीक चीर होती.

"पेटी उघडताना लागलं," तो पुटपुटला.

"आता पुन्हा दहा मिळेल?" पंकजाने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

संध्याकाळी दवाखान्यात चेतनने डोळे उघडले.

"विकलं का गं?"

तिने त्याचा हात हातात घेतला.

"विकलं," ती म्हणाली.