दूरची सम

वामनराव खरवंडीकरांना मंगळावर लेकीकडे येऊन चार महिने झाले, तरी त्यांचा पाय काही तिथे ठरला नव्हता. दाबपोशाखात जीव गुदमरायचा, चहाला चव म्हणून नव्हती, आणि मुलीशी बोलायला बसलं की दुसऱ्या वाक्याला ठिणगी पडायची. उद्या सकाळी यान पृथ्वीकडे निघणार होतं. या वयात पुन्हा हा प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आज शर्वरीचं वादन, आणि मग बापलेकीची भेट संपली ती संपलीच.

भांडण तबल्याचं. जन्मभर कायदे-रेले घोटलेल्या माणसाच्या मुलीने ताल मोडायचे प्रयोग करावेत, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. बरं, घरी बसावं ना, तर तेही नाही. पृथ्वीवर तिच्या एकूणएक कार्यक्रमाला ते गेले, आणि पहिली सम, आवर्तनाची ती पहिली मात्रा, हुकली की उठून चालते झाले. शेवटपर्यंत एकदाही बसले नाहीत.

आजचा मंडप म्हणजे जुन्या लाव्ह्याने कोरलेलं लांबच लांब भुयार. एका टोकाला काचेची खोली. तिथे शर्वरी बोलफलकावर बोटं चालवणार आणि बाहेरचे भोंगे तो तबला-डग्गा भुयारातल्या मंगळाच्या हवेत सोडणार. श्रोते खोलीसमोर, पोशाखात. बाहेरचा आवाज त्यांना टोपातल्या कर्णयंत्रातून ऐकू येई. वसाहतीत परतायचं दाबद्वार मात्र पार दुसऱ्या टोकाला होतं.

"आत चांगली हवा भरलेली सभागृहं आहेत. हा उघड्यावरचा खटाटोप कशाला?" वामनराव शेजारी बसलेल्या डॉ. नफीसा मुजावरांना म्हणाले. वसाहतीतल्या ध्वनितज्ज्ञ त्या.

"काका, इथली हवा म्हणजे विरळ कार्बन डायऑक्साइड. तिच्यात बारीक आवाज पुढे पळतो आणि खर्जातला मागे रेंगाळतो. फरक थोडाच, पण जितकं लांब जाल तितका वाढत जातो."

वामनरावांच्या डोक्यात लगेच तबला वाजला. उजव्याचा बारीक 'ना' आणि डग्ग्याचा घुमणारा 'गे', दोन्ही एकदम पडले की 'धा' होतो.

"म्हणजे लांबच्या माणसाला आधी 'ना' आणि मागून 'गे'. धाची फाटाफूट."

"अगदी बरोबर."

"मग इथे तालाचं नावच काढायला नको."

"शर्वरी म्हणते, नियम काय कुणीही मोडतं. तो कुठवर चालतो हे बघायचं, तर घराबाहेर पडावं लागतं."

"लहानपणापासून तोंड चालतंच तिचं," वामनराव पुटपुटले आणि खुर्चीत चुळबुळत राहिले.

वादन सुरू झालं. तीनतालाचं पहिलं आवर्तन स्वच्छ गेलं. वामनरावांची मान डोलायला आली, आणि समेवर डग्गा आधी पडला, तबला किंचित मागून. झालं. म्हातारा उठला. आजही, शेवटच्या दिवशीही, तिला तेच करायचं होतं. कुणी विनवायला नको म्हणून त्यांनी संदेशयंत्र बंद केलं आणि दुखरा गुडघा सांभाळत ते दाराकडे निघाले.

आवाज पाठोपाठ येतच होता. चिडून ते मनातल्या मनात मात्रा मोजत होते. सवय जाते कुठे? भुयाराच्या वळणापाशी आले आणि कानांवर एक भरघोस, अखंड 'धा' पडला.

ते थबकले. डग्गा रेंगाळणारा, म्हणून पोरीने तो आधी धाडला होता. मागून सुटलेल्या 'ना'ने त्याला बरोबर इथे गाठलं होतं. वामनराव खुशीत उभे राहिले. दोन आवर्तनं सुखात गेली आणि ताल पुन्हा फाटला. आता 'ना' उशिरा येत होता. ते चार पावलं झपझप पुढे गेले, तशी फट मिटली. थांबले, की उघडली.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. जुळायची जागा दाराकडे सरकत होती, आणि सरकत होती ती एका दुखऱ्या गुडघ्याच्या बेताने. बसून राहिलेल्यांना हा ताल मोडकाच ऐकू येणार होता. सगळी रचना उठून जाणाऱ्या माणसासाठी बांधली होती. आणि असा माणूस साऱ्या मंगळावर एकच. त्यांचे डोळे भरून आले, आणि टोपामुळे पुसताही येईनात.

तीनदा फिरून समेवर येणारी तिहाई दाबद्वाराशी संपली. समेवर मान आपसूक पडली. त्यांनी संदेशयंत्र सुरू केलं.

"शर्वरी."

"पोचलात का दाराशी, अण्णा?"

"सम आली गं. जागेवर आली."

ती हळूच म्हणाली, "खरंच? मी फक्त गणितात पाहिलीये."

"म्हणजे तू ऐकलीच नाहीस?"

"वाजवणाऱ्याला कशी ऐकू येणार? माझ्या जागेवर सगळं मोडकंच."

वामनराव मागे वळले. सगळं भुयार तुडवत ते परत आले, तोवर श्रोते पांगले होते. काचेच्या खोलीत शिरून त्यांनी टोप काढला.

"ऊठ. पोशाख चढव आणि दाराकडे चालायला लाग. मी वाजवतो."

"अण्णा, प्रत्येक धा तुम्हाला फाटका ऐकू येईल."

"माहितेय."

"आणि माझ्या चालण्याचा वेग?"

"तुला चालायला कुणी शिकवलं?"

शर्वरी हसली, आणि डोळे पुसून, पोशाख चढवून निघाली. वामनरावांनी बोलफलकावर हात ठेवले. तिची पाठ दूर जाताना बघत पहिलं आवर्तन नीट वाजवलं. मग समेवर डावा हात आधी टाकला आणि जन्मभराची सवय दाबून उजवा मागे रोखला.

पहिली सम हुकली. वामनराव जागचे हलले नाहीत.