मोकळ्या मैदानातली गर्दी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या भावासोबत घडलंय, आणि त्यातला शेवटचा भाग माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊ आवाज मोजायचं काम करतो. हसू नका, असं काम असतं. कुठे मोठं बांधकाम व्हायचं असेल, तर तिथे आधी किती आवाज आहे याचा अहवाल द्यावा लागतो. बाबा म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांना गप्प बसायचा पगार मिळतो."

गेल्या वर्षी त्याला नदीकाठचं एक मैदान मोजायला दिलं. तिथे बारा हजार माणसं मावतील असं बंदिस्त स्टेडियम आणि त्याला लागून कन्व्हेन्शन सेंटर होणार होतं. तेव्हा एक वीटही रचलेली नव्हती. गुडघाभर गवत, कडेने पत्र्याचं कुंपण, पलीकडे नदी. बस्स.

बुधवार होता. दुपारचे साडेचार. लख्ख ऊन.

स्टँडवर यंत्र लावून तो झाडाखाली बसला होता. आकडा चाळीस डेसिबलच्या आसपास. म्हणजे वारा, पाखरं, लांबून एखादी मोटार.

मग पाखरं थांबली...

वाराही.

त्याने सहज यंत्राकडे पाहिलं. साठ. सत्तर. पंच्याऐंशी... अठ्ठ्याण्णव.

एवढ्या आवाजात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. आणि इथे त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

यंत्र बिघडलं, असं मनाशी म्हणत त्याने हेडफोन कानाला लावले.

टाळ्या.

हजारो माणसांच्या. बंद छताखाली घुमतात तशा.

हेडफोन काढले... मैदान चिडीचूप.

लावले... टाळ्या.

आणि मग त्या मधेच तुटल्या.

आधी पावलं आली. धावणारी. मग दारं बडवल्याचा आवाज, चहूबाजूंनी. त्या गलक्यातून एक मुलगी यंत्राच्या अगदी जवळ येऊन बोलली. आवाजावरून विशीतली असावी.

"भोपूमामा... दार उघडत नाहीये."

त्याला भोपूमामा म्हणणारं जगात एकच माणूस आहे. माझी लेक.

ती तेव्हा सहा वर्षांची होती.

भाऊ हेडफोन टाकून धावला. कुठे, ते त्याला आजही सांगता येत नाही. गवतात उभा राहून तो दोन्ही हातांनी हवा चाचपडत होता. दार असलंच तर हाताला लागेल म्हणून.

काही लागलं नाही.

थोड्या वेळाने पाखरं पुन्हा बोलू लागली. तो परत आला तेव्हा आकडा चाळीसवर होता. सगळं मिळून बारा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भले गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, यंत्र तपासायला पाठवलं. यंत्र ठणठणीत निघालं. मग त्यांनी ती बारा मिनिटं अहवालातून वगळायला सांगितली. भावाने सही करायला नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी केली. एवढाच काय तो फरक पडला.

लोकांच्या हरकती ऐकायची सभा झाली, तिथेही तो उभा राहिला. पण बोलणार काय? दारं वाढवा, एवढंच म्हणाला. आराखडा करणाऱ्या बाईंनी अगदी आदराने समजावलं, की दारं नियमापेक्षाही जास्त आहेत. कुणी त्याला हसलं नाही. कुणी हसलं असतं तर निदान भांडता आलं असतं, असं तो म्हणतो.

त्यानंतरच्या रविवारी तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. जेवलाही नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याने त्या बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाला, "ताई, फक्त ऐक."

मी ऐकलं. पूर्ण बारा मिनिटं.

काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही.

मी त्याला म्हटलं, तू थकला आहेस, चार दिवस रजा घे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने ते पुन्हा लावलं. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो आवाज कुणाचा, हे मात्र त्याने तोवर मला सांगितलं नव्हतं.

लेक आतल्या खोलीत चित्र रंगवत बसली होती. ती बाहेर आली. हातात खडू तसाच. लॅपटॉपजवळ उभी राहिली... मान तिरकी करून ऐकू लागली...

"भोपूमामा, मी दार का वाजवतेय?"

भावाने लॅपटॉप मिटला. लेक थोडा वेळ थांबली आणि पुन्हा चित्र रंगवायला गेली.

मग त्याने मला सगळं सांगितलं.

आता तिथे खांब उभे राहिलेत. आमच्या गच्चीवरून दिसतात. दुसरीकडे राहायला जायचं आमच्या मनात होतं, पण गेलो तरी काय होणार? तिकडे पाऊल टाकू नकोस, असं लेकीला बजावून ठेवीन. पण विशीतली मुलगी आईला विचारून कुठे जाते? मी तरी कुठे विचारत होते?

भाऊ म्हणतो, अजून पुष्कळ वर्षं आहेत, ताई. काहीतरी सुचेल.

असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.