मेजरची लाल चिंधी

ही गोष्ट खरी आहे, आणि रात्रीची नाही. तेवढं आधीच सांगून टाकते. अमावस्या, पडका बंगला, कुत्र्यांचं रडणं, यातलं काही तुम्हाला इथे मिळणार नाही. जे झालं ते सकाळच्या लख्ख उजेडात, शाळेच्या मैदानावर झालं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांदेखत.

ताई त्या शाळेची मुख्याध्यापिका. भुताखेतांना ती कधीच घाबरली नाही. घाबरायची ती फक्त पालकसभेला.

तिचे सासरे सैन्यात होते. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचे, हे त्यांचं काम. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण शाळेतल्या पोरांनी त्यांना परस्पर बढती देऊन मेजर करून टाकलं. एका सुरुंगानं त्यांचा डावा पाय कायमचा अधू केला होता. चालताना तो फरफटायचा. पण माणूस घरी बसेल तर शपथ! शाळेचे गळके नळ दुरुस्त कर, बाकांना खिळे ठोक, रक्तदानाला माणसं गोळा कर, पूर आला की वर्ग उघडून लोकांची सोय कर. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "यांचं लग्न माझ्याशी झालं आणि संसार मात्र शाळेशी."

रोज सकाळी मुलं यायच्या आधी ते मैदानावर हजर. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत चालायचे, वळायचे, पुन्हा परत. हातातली काठी टोचत टोचत. कुठे काच, खिळा, बीळ सापडलं की तिथे काडी रोवून लाल चिंधी बांधायचे.

चिंधी दिसली की तिथे पाय ठेवायचा नाही. हे बालवाडीतल्या पोरांनाही पाठ होतं. त्या शाळेत सगळ्यांनी पाळलेला हा एकमेव नियम असावा.

"बाबा, हे रणांगण नाही हो," ताई म्हणायची.

"जमिनीला ते कुठे माहीत असतं, सूनबाई?"

मग बाबा गेले. झोपेतच. त्यांची पदकं, गणवेश आणि सैन्यातलं लाल ब्लँकेट ताईने ट्रंकेत ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

काही महिन्यांनी शाळेची वार्षिक कवायत जवळ आली. मैदानावर पाणी मारलं, रोलर फिरवला. माती कशी पाटीसारखी गुळगुळीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी ताईच पोचली.

मैदानावर पावलं उमटली होती...

सरळ रेषेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एका बुटाचा ठसा. शेजारी फरफटत गेलेली रेघ. आणि काठीची बारीक भोकं.

"काका, कोण आलं होतं आत?" तिने वॉचमनला विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. फाटकाला कुलूप होतं. आणि..."

"आणि काय?"

"फाटकापासून पावलं आलीच नाहीत. बघा ना. एकदम मैदानातच सुरू होतात."

ताईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भिंतीजवळच्या कोपऱ्यात मात्र तिची नजर अडली. तिथे येऊन सगळ्या रेषा वळल्या होत्या. एक गोल जागा टाळून पुढे गेल्या होत्या.

त्या जागेच्या मध्यभागी काडी होती...

काडीला लाल चिंधी.

ताई भडकली. गेलेल्या माणसाची टिंगल करायची म्हणजे हद्द झाली! तिने चिंधी उपटली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कोंबली. पुन्हा रोलर फिरवायला लावला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच पावलं. तीच जागा.

नवी चिंधी.

या वेळी ताईने ती हातात घेतली. जाड, लोकरीची. नाकाशी नेली तर वास आला... बाबांच्या पायाला ती रोज तेल चोळायची, त्या तेलाचा.

ती तशीच घरी आली. ट्रंकेचं कुलूप जसंच्या तसं होतं. ब्लँकेट तिने घातलेल्या घडीतच होतं. पण त्याच्या कडेला दोन पट्ट्या फाडून काढलेल्या. धागे लोंबत होते.

"कसर लागली असेल," भाऊजी म्हणाले.

"कसर कधीपासून सरळ रेषेत खायला लागली?"

त्या कोपऱ्यातच उद्या कवायतीला बालवाडीची रांग उभी राहणार होती. सगळ्यात लहान मुलं. ती शाळेत परतली आणि तिने चिंधी स्वतःच्या हाताने त्या जागी पुन्हा बांधली.

खेळाचे शिक्षक हैराण झाले. "मॅडम, ऐनवेळी रांगा हलवायच्या? कारण काय सांगू लोकांना?"

"सांगा, मॅडमचं डोकं फिरलंय."

मुलांनी मात्र काहीच विचारलं नाही. "मेजरची चिंधी आहे," असं एकमेकांना सांगत ती आपणहून लांब सरकली.

कवायत सुरू झाली. ढोल वाजला. सगळ्या शाळेचे पाय एका तालात आपटले. पुन्हा आपटले.

आणि कोपऱ्यातली चिंधी हलली...

वारा नव्हता.

मग ती सरळ खाली गेली. काडीसकट. तिच्याभोवतीची माती धाडकन आत कोसळली.

खाली जुनी विहीर होती. कुणीतरी कधीकाळी फळ्या टाकून वर माती लोटलेली. फळ्या कुजल्या होत्या. अशी विहीर तिथे होती हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नाही. ताई मात्र सगळ्यांसमोर मैदानातच बसून हमसून हमसून रडली.

विहीर बुजवली. लोक म्हणाले, "मेजरचं काम झालं. आता सुटले ते." ताईलाही तसंच वाटलं. खूप हलकं वाटलं.

शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी ड्रॉवरमधली ती पहिली चिंधी तिने घरी आणली. ब्लँकेटला पुन्हा शिवून टाकावी म्हणून. दुसरी तर विहिरीतच गेली होती. तिने ट्रंक उघडली, घडी उलगडली.

दोन पट्ट्या फाटलेल्या होत्या...

त्यांच्या शेजारी तिसरी.

धागे अजून ताजे, लोंबणारे.

ताईने मैदान पालथं घातलं. वर्ग, जिने, गच्ची, फाटकाबाहेरचा रस्ता. घराचा कोपरा न् कोपरा. आता ती रोज बाबांची काठी घेऊन मैदानावर चालते. सरळ रेषेत. परवा मीही तिच्याबरोबर गेले होते. सारखं वाटत होतं, पाय टाकू तिथेच असेल.

तिसरी चिंधी त्यांनी कुठेतरी बांधली आहे. आम्हाला ती अजून दिसलेली नाही.

आणि उद्या शाळा भरते आहे.