सर्व्हरवर नसलेली फाईल

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मध्येच अडवू नये.

घडली ती केनियात, आमच्या होमा बे गावात, तळ्याकाठच्या एका लहान रेडिओ स्टेशनात. मागच्या ऑगस्टमध्ये. आणि तीही भर दुपारी. भुतं फक्त रात्री येतात असं ज्याने सांगितलं, त्याने आमचं गाव पाहिलेलं नाही.

अमोंडी माझी मेहुणी. स्टेशनातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळते. देवाला भिते, बाकी कोणाच्या बापाला नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की दुपारी रेडिओवर सांगतात. कोण गेलं, कोणाची आई, कोणाचा नवरा, माती कधी. तेवढा वेळ बाजारातसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही. वर्षानुवर्षं ही नावं म्झे ओपोंडो वाचायचे. म्झे म्हणजे आमच्याकडे वडीलधारा माणूस. वाचण्याआधी दोनदा खाकरायचे.

मग एक दिवस ते स्वतःच गेले.

त्यांच्या जागी प्रोग्राम आला. आता नैरोबीतली एक मुलगी या निधनवार्ता वाचते, त्या रेकॉर्ड करून फाईली तिथल्याच सर्व्हरवर ठेवतात, आणि दुपारी आमचा प्रोग्राम त्या एकेक उतरवून ऐकवतो. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याने विचारलं, मला काय नाव द्यायचं? अमोंडीने लिहिलं, ओपोंडो. प्रेमाने लिहिलं. म्हाताऱ्यानेच तिला कामाला लावलं होतं.

त्या सोमवारी प्रोग्रामने सगळ्या बातम्या ऐकवल्या. आणि मग...

कोणीतरी दोनदा खाकरलं.

पुढे ओकुमू कोळ्याचं नाव आलं.

ओकुमू तेव्हा धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. त्याने स्वतःच स्टेशनला फोन केला. "माझी माती कधी आहे तेवढं सांगा. नवा शर्ट काढून ठेवतो."

सगळे पोट धरून हसले.

संध्याकाळी त्याची होडी काठाला लागली... रिकामी.

स्टेशनचे साहेब ओगुटू यांचा चेहरा उतरला होता. "अमोंडी, एखादी जुनी फाईल अडकली असणार. उद्यापर्यंत शोधून काढ. नाहीतर त्याची माणसं मला तळ्यात बुडवतील."

"जुनी कशी असेल, साहेब? ओकुमू आज गेलाय."



मंगळवारी अमोंडी सकाळीच कामाला बसली. उतरवलेल्या सगळ्या फाईली पुसल्या. सर्व्हरचा पत्ता तपासला. बरोबर होता. दुपारची यादी मागवली. यादीत चार फाईली होत्या.

उतरल्या... पाच.

तिने नैरोबीला सर्व्हरवाल्या किमेलीला फोन लावला.

"ही पाचवी तू टाकलीस?"

"माझ्याकडे चारच आहेत, ताई. पाचवी तुम्ही मागितल्याचंसुद्धा इथे दिसत नाही."

"माझ्यासमोर उतरलीय."

"मग दुसरीकडून येत असेल."

"इंटरनेटची एकच तार आहे रे बाबा इथे."

"मग तीच काढून बघा ना."

तिने तार काढली. सगळं पुसलं आणि पुन्हा मागवलं. चारही फाईली अडल्या. सर्व्हर सापडत नाही, अशी लाल अक्षरं आली. यायलाच हवी होती.

पाचवी... सावकाश उतरली.

आकार शून्य. आत काहीच नव्हतं.

अमोंडीने हेडफोन लावला. आधी शांतता. मग दोनदा खाकरणं... आणि म्झे ओपोंडोंचा आवाज.

"तुर्फोसा, ओझ्वांगची लेक, अमोंडीची आई..."

तिने हेडफोन फेकला आणि घरी फोन लावला. तुर्फोसा म्हणजे माझी सासू.

"पटकन बोल गं," सासू म्हणाली. "ओमेना तळतेय, मासळी करपेल."

अमोंडीने सगळं सांगितलं. पलीकडे तेल तडतडत होतं.

"त्या यंत्राला नाव काय दिलंयस?"

"ओपोंडो."

"कोणाला विचारून? मेलेला माणूस स्वप्नात येऊन नाव मागतो, तेव्हा ते पोराला देतात. मग तो त्या पोरात नांदतो. तू न मागता लोखंडाला दिलंस. आला बिचारा. आणि त्याला येतं ते एकच काम."

"मग आता काय करू?"

"नाव काढ तिथून. घरात पोर जन्मलं की त्याला देऊ."

"आईच्या जिवावर उठून मागणाऱ्याला मी पोर देणार नाही."

"अगं, मोठा माणूस आहे तो."

"असू दे. तू माझी आई आहेस."

तिने नाव पुसलं. फाईल तशीच राहिली. दुपारच्या बातम्यांची वेळ झाली. ओगुटू दारातून म्हणाले, "कॉम्प्युटरच बंद कर ना."

तिने प्लग उपटला. पडदा काळा झाला.

पण माईकवरचा लाल दिवा पेटला. म्हणजे गावभर आवाज जात होता.

आणि स्पीकरमधून... एकदा खाकरल्याचा आवाज आला.

एकदाच. दुसऱ्यांदा खाकरलं की नाव येणार.

अमोंडी म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसली. माईक ओढला.

"म्झे ओपोंडो, तुम्ही मला पोटाला लावलंत, मी विसरले नाही. पण आज मी वाचणार, तुम्ही ऐकायचं. तुर्फोसा, ओझ्वांगची लेक, माझी आई, जिवंत आहे. आत्ता मासळी तळतेय. माती नाही. रडायला कोणी येऊ नका. यायचंच असेल तर जेवायला या."

दुसरं खाकरणं आलं नाही.

पण तिच्या मानेपाशी... कोणीतरी मोठा श्वास सोडला.

ओगुटू तोवर अंगण ओलांडून रस्त्यावर पळाले होते.

सासू त्या दिवशी गेली नाही. उलट संध्याकाळी अर्धी आळी खरंच जेवायला आली आणि तिने अमोंडीला चांगलंच फैलावर घेतलं.

बुधवारी पाचवी फाईल पुन्हा उतरली. अमोंडी पुन्हा माईकवर बसली. गुरुवारीही. मग लोकांचे फोन येऊ लागले. माझ्या आजोबांचं नाव घे. माझ्या आजारी बहिणीचं घे. आता निधनवार्ता संपल्या की अमोंडी जिवंत माणसांची नावं वाचते, म्हाताऱ्याच्या नाकावर टिच्चून. ती यादी मेलेल्यांच्या यादीपेक्षा मोठी झालीय. बाजार तेव्हाही गप्प होतो.

कॉम्प्युटर बदलून झाला. प्रोग्राम बदलला. किमेलीने सर्व्हरही बदलला. फाईल येतेच.

फक्त तिचा आकार आता शून्य नाही... रोज थोडा थोडा वाढतोय.

आत कोणाची नावं आहेत ते अमोंडी ऐकत नाही. "त्यांनी त्यांची वाचावी," ती म्हणते. "मी माझी वाचेन."

मी यातलं काही मानत नव्हतो. पण परवा माझी धाकटी मुलगी तापाने फणफणली. मी गुपचूप बाहेर जाऊन अमोंडीला फोन केला. म्हटलं, एवढं पोरीचं नाव यादीत घाल.

"कधीच घातलंय," ती म्हणाली.

तू ती फाईल ऐकतेस का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.